पारितोषिक की पुरस्कार? – शांततेच्या सन्मानाविषयी एक ऐतिहासिक विचार

मराठी भाषेत गौरवासाठी दोन शब्द आपण सहज एकमेकांऐवजी वापरतो. एक ‘पारितोषिक’ आणि दुसरा ‘पुरस्कार’. परंतु दोहोंच्या मुळाशी गेल्यास त्यांतील भेद लक्षात येतो. पारितोषिकाच्या मुळाशी परितोष आहे. कोणी काही करून दाखविले, पाहणाऱ्याला संतोष झाला आणि त्या संतोषाची खूण म्हणून जे दिले ते पारितोषिक. पुरस्काराचे मूळ मात्र ‘पुरः’ म्हणजे पुढे आणि ‘कृ’ म्हणजे करणे यांत आहे. एखाद्याला पुढे करणे, त्याच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे पुरस्कार. म्हणूनच आपण एखाद्या मताचा ‘पुरस्कार’ करतो, त्याला ‘पारितोषिक’ देत नाही. पारितोषिकाची दृष्टी झालेल्या कार्याकडे असते. पुरस्काराची होणाऱ्या कार्याकडे.

शब्दांची ही फोड केवळ व्याकरणाच्या हौसेपोटी केलेली नाही. शांततेसाठी दिला जाणारा सन्मान पार पडलेल्या कार्याला द्यावा की एखाद्याकडून असलेल्या अपेक्षेला द्यावा, हा प्रश्न जगाने गेल्या सव्वाशे वर्षांत वारंवार विचारला आहे, आणि त्याचे उत्तर या दोन शब्दांच्या मधल्या जागेत कोठेतरी दडलेले आहे. सुरतेच्या वाचकाने तर या प्रश्नाकडे परक्या देशातील वाद म्हणून पाहण्याचे कारणच नाही. वचनावर विसंबून आगाऊ मोल मोजण्याचे बरेवाईट परिणाम या परिसराने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

प्रथम मराठ्यांच्या इतिहासातील दोन दाखले पाहू. संभाजी महाराजांच्या वधानंतर स्वराज्याची राजधानी जिंजीस गेली होती, खजिना रिता होता आणि मुलूख मोगलांच्या टाचेखाली होता. अशा वेळी छत्रपती राजारामांनी १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना जे आश्वासन लिहून दिले, ते आजही वाचकाला थक्क करते. जो प्रदेश हाती नाही त्याच्या जोरावर दिलेले ते इनाम होते. मात्र त्यात एक मोठे शहाणपण होते. सारी रक्कम एकदम देण्याचे वचन त्यात नव्हते. रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद असे एकेक प्रांत काबीज होतील तसतसा एकेक हिस्सा द्यावयाचा आणि अखेरचा हिस्सा दिल्ली घेतल्यावर, असे टप्पे त्यात पाडलेले होते. उमेदीला मान होता, पण मोबदला कृतीला बांधलेला होता.

दुसरा दाखला थेट सुरतेचा आहे. पेशवाईचे स्वप्न पाहणाऱ्या रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी जो तह केला, तो सुरतेचा तह म्हणूनच इतिहासाला ठाऊक आहे. इंग्रजांनी सैन्य देऊन राघोबादादांना गादीवर बसवावे आणि त्याबदली साष्टी, वसई यांसारखी मोलाची ठाणी इंग्रजांना मिळावीत, असा तो व्यवहार होता. येथे टप्पे नव्हते. नुसत्या आश्वासनावर मुलूख लिहून दिला गेला. पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा तह नामंजूर केला, १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह झाला, तरीही युद्ध पेटलेच आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत ते धुमसत राहिले. राघोबादादांना पेशवेपद मिळाले नाही. साष्टी मात्र गेली ती गेलीच. जिंजीचे आश्वासन आणि सुरतेचा तह ही दोन्ही भविष्यावर काढलेली हुंडीच होती. एकीची रक्कम काम होईल तशी चुकती व्हावयाची होती, दुसरीची आधीच लिहून दिली गेली, एवढाच काय तो फरक. परंतु तो फरकच निर्णायक ठरला.

आता शांततेच्या जागतिक सन्मानाकडे वळू. आल्फ्रेड नोबेल यांनी आपल्या मृत्युपत्रावर सही केली ती २७ नोव्हेंबर १८९५ रोजी. त्या मृत्युपत्राची भाषा संदिग्ध नाही. ज्यांनी मागील वर्षात मानवजातीचे सर्वाधिक हित साधले असेल त्यांना ही पारितोषिके द्यावीत, आणि शांततेचे पारितोषिक राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव वाढविणाऱ्या, खडी सैन्ये कमी करणाऱ्या अथवा शांतता परिषदा भरविणाऱ्या व्यक्तीस द्यावे, असा त्यांचा आशय होता. दात्याच्या मनात ‘केलेले कार्य’ होते, तेही ताजे. परंतु पहिल्याच वर्षी, १९०१ मध्ये, निवड समितीने ही ‘मागील वर्षा’ची अट सैल केली. त्या वर्षी फ्रेदेरिक पासी यांच्यासह ज्यांना सन्मान मिळाला ते आंरी द्युनाँ हे रेडक्रॉसच्या कल्पनेचे जनक. सोल्फेरिनोच्या रणभूमीवर जखमींचे हाल पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती १८५९ मध्ये. म्हणजे कार्याच्या बीजानंतर बेचाळीस वर्षांनी हा परितोष व्यक्त झाला.

एक टोक हे. दुसरे टोक २००९ मध्ये दिसले. बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष झाले २० जानेवारीस. नोबेल समितीकडे नावे सुचविण्याची मुदत तेव्हा संपत असे १ फेब्रुवारीस. अर्थात मुदत संपली तेव्हा त्यांच्या कारकीर्दीला जेमतेम बारा दिवस झाले होते. ९ ऑक्टोबर रोजी सन्मान जाहीर झाला तेव्हा नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. अण्वस्त्रमुक्त जगाची भाषा आणि संवादाची नवी हवा यांना आपण बळ देत आहोत, अशी समितीची भूमिका होती. स्वतः ओबामा यांनीही आपण या मालिकेत बसण्यास पात्र आहोत असे वाटत नसल्याचे सांगून, पुढील कार्याचे आवाहन म्हणून तो सन्मान स्वीकारला. त्याच डिसेंबरात, ऑस्लोचा समारंभ अवघ्या काही दिवसांवर आला असताना, त्यांनी अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक धाडण्याचा निर्णय जाहीर केला आणि ऑस्लोच्या भाषणाचा बराच भाग युद्ध केव्हा न्याय्य ठरते याच्या विवेचनात खर्ची पडला. समितीचे तत्कालीन सचिव गायर लुंडेस्टाड यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, या निवडीमागील अपेक्षा फळास आली नाही, अशा अर्थाची कबुली दिली आहे.

आगाऊ सन्मानाची याहून कटू उदाहरणेही आहेत. व्हिएतनामच्या युद्धबंदीच्या करारासाठी १९७३ मध्ये हेन्री किसिंजर आणि ले डक थो यांची निवड झाली. ले डक थो यांनी, शांतता अद्याप प्रस्थापित झालेलीच नाही, या कारणास्तव सन्मान नाकारला. समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले तेव्हा नकार देणाऱ्याचे निदान किती अचूक होते हे जगाला कळले. इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद यांना इरिट्रियाशी समेट केल्याबद्दल २०१९ मध्ये गौरविण्यात आले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याच देशात तिग्राईचे भीषण युद्ध सुरू झाले.

एवढ्यावरून आश्वासनाचा सन्मान म्हणजे शुद्ध चूक, असा निवाडा देणे मात्र घाईचे होईल. जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएट्स्की यांना १९३५ सालचे पारितोषिक १९३६ मध्ये जाहीर झाले तेव्हा ते हिटलरच्या कैदेत खंगलेले होते. पोलंडचे लेक वालेसा यांना १९८३ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांना १९८४ मध्ये सन्मान मिळाला तेव्हा त्यांची लढाई यशापासून कित्येक वर्षे दूर होती. त्या सन्मानांनी त्यांना एक अदृश्य कवच दिले आणि त्यांचा आवाज जगाच्या कानी पोहोचविला. कार्य तडीस जाण्याची वाट पाहत बसले असते तर हे बळ त्यांना ज्या घडीस हवे होते त्या घडीस मिळालेच नसते.

आणि वाट पाहण्याची किंमत काय असते, हे भारतीयांइतके कोणास ठाऊक असणार? महात्मा गांधींचे नाव १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशा पाच वर्षी सुचविले गेले होते. १९३७ मध्ये समितीच्या सल्लागारांनी केलेल्या टिपणात गांधीजींविषयी आदर होता, तसाच संशयही. त्यांच्या अहिंसक चळवळींतून हिंसा उद्भवू शकते हे त्यांनी ओळखावयास हवे होते, असा त्यातील एक आक्षेप, आणि त्याला चौरीचौऱ्याचा आधार. १९४८ मध्ये नावे सुचविण्याची मुदत संपण्यापूर्वी दोनच दिवस गांधीजींची हत्या झाली. त्या वर्षी, हयात असलेला कोणी योग्य उमेदवार नाही, असे कारण देऊन समितीने शांततेचे पारितोषिक कोणासच दिले नाही. पूर्ण कार्याची खात्री करून घेता घेता कार्यकर्ताच निघून गेला.

चौरीचौऱ्याच्या त्या आक्षेपाचे उत्तर आपल्या बारडोलीत आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. सामुदायिक सविनय कायदेभंगासाठी गांधीजींनी साऱ्या देशातून सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुका निवडला होता. २९ जानेवारी १९२२ रोजी तालुक्याच्या परिषदेने आपण सिद्ध असल्याचा ठराव केला. ४ फेब्रुवारीस चौरीचौऱ्याला पोलीस जाळले गेले आणि १२ फेब्रुवारीस काँग्रेसच्या कार्यकारिणीने बारडोली येथेच चळवळ स्थगित करण्याचा ठराव केला. विजय दृष्टिपथात असताना, सहकाऱ्यांचा रोष पत्करून, आपल्या बाजूच्या हिंसेचे प्रायश्चित्त म्हणून लढा थांबविणे, ही शांततेच्या इतिहासातील एक असामान्य कृती होय. ऑस्लोच्या टिपणाने हिंसा मोजली. बारडोलीची माघार मात्र त्या तोलाने मोजली नाही.

बारडोलीच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपल्या विषयाला अधिक लागू पडतो. १९२२ मध्ये या तालुक्याला जो मान मिळाला तो कोणत्याही पराक्रमासाठी नव्हता. ‘हे लोक करू शकतील’ एवढाच त्यामागील विश्वास होता. परीक्षेची वेळ आली आणि परीक्षाच रद्द झाली. तो मान वाया गेला का? नाही. मधल्या काळात येथे आश्रम उभे राहिले, खादीचे व दारूबंदीचे काम झाले, दुबळा समाजात शाळा चालल्या. सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला तेव्हा १२ फेब्रुवारी १९२८ रोजी, म्हणजे त्या स्थगितीच्या बरोबर सहाव्या वर्षदिनी, याच तालुक्याने सारा न भरण्याचा निर्धार केला. जप्त्या झाल्या, गुरे गेली, जमिनी लिलावात निघाल्या. पण तालुका शांत राहिला आणि फुटला नाही. ऑगस्टमध्ये समेट झाला. पुढे ब्रूमफील्ड–मॅक्सवेल चौकशीने वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली. वल्लभभाई ‘सरदार’ झाले ते या लढ्यात. १९२२ चा मान पुरस्कार होता. १९२८ ची कीर्ती पारितोषिक. पहिल्याने दुसरे शक्य केले.

आता ज्या मराठी पुरुषाच्या संदर्भात हा प्रश्न सर्वांत टोकदारपणे उभा राहतो, त्यांच्याकडे येऊ. विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा. नोबेल यांचे मृत्युपत्र आणि विनोबा अशी दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये. विनोबांचे शिक्षण बडोद्यास झाले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघालेला हा वीस वर्षांचा तरुण सुरत स्टेशनावर उतरला आणि मुंबईची गाडी सोडून त्याने काशीची वाट धरली. आपली प्रशस्तिपत्रे त्याने त्यापूर्वीच चुलीत घातली होती. गतकार्याची सारी प्रमाणपत्रे जाळून केवळ एका संकल्पानिशी निघालेल्या त्या तरुणाला कोणती समिती सन्मानास पात्र ठरविती? त्याच वर्षी जून महिन्यात तो अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींसमोर उभा राहिला.

त्यानंतरची चोवीस वर्षे विनोबा फारसे कोणास ठाऊक नव्हते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडले तेव्हा, हे विनोबा कोण, असा प्रश्न देशाला पडला. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याचे उत्तर दिले. ते उत्तर या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. विनोबा पुढे काय करतील याचे भाकीत त्यांनी केले नाही. आश्रमातील सफाईपासून स्वयंपाकापर्यंत त्यांनी काय काय केले, सूतकताईत कोणती पारंगतता मिळविली, संस्कृतचा व्यासंग कसा केला, याचाच हिशेब त्यांनी मांडला. जगाला जे नवखे नाव वाटत होते त्याच्या पाठीशी चोवीस वर्षांची शिल्लक होती, आणि पुढे करणाऱ्याने ती शिल्लक स्वतः तपासलेली होती.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी उपजीविकेसाठी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे १०० एकर देऊ केली. भूदानाचा जन्म असा झाला. संकल्प पाच कोटी एकरांचा होता. १९५८ मध्ये, फिलिपिन्सचे दिवंगत अध्यक्ष रॅमन मॅगसेसे यांच्या स्मरणार्थ नव्याने सुरू झालेल्या पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, सामुदायिक नेतृत्वासाठी विनोबांची निवड झाली. पंढरपूरला सर्वोदय संमेलन भरले आणि विठ्ठलमंदिरात विनोबा अन्य धर्मीयांसह गेले, तेही हेच वर्ष. पदयात्रेला तेव्हा सात वर्षे झाली होती. दानपत्रांवरील आकडा चाळीस लाख एकरांच्या पुढे पोहोचला होता. पण दानपत्र म्हणजे जमीन नव्हे. पुष्कळ जमीन पडीक वा खडकाळ निघाली, काही तंट्यात अडकली, काही दात्यांच्या वारसांनी परत बळकावली आणि बराच मोठा हिस्सा भूमिहीनांच्या हाती कधीच पडला नाही. सन्मान झाला तो एका परीने एका महान वचनाचा होता.

मग १९५८ ची ती निवड चुकली का? या लेखकाच्या मते, नाही. समितीने एकरांची मोजणी केली नव्हती. शस्त्राविना व कायद्याच्या बडग्याविना, केवळ पायी चालून आणि हात पसरून जमिनीचा प्रश्न लोकांच्या मनात उभा करता येतो, ही गोष्ट १९५८ पर्यंत सिद्ध झालेली होती आणि ती पुढील अपयशानेही पुसली गेली नाही. दानपत्रे पुरी करण्याचे ऋण विनोबांचे जितके, त्याहून अधिक सह्या करणाऱ्यांचे आणि शासनांचे होते. सन्मान चालणाऱ्या पावलांना होता; जमीन मोजून देणे ज्यांचे काम, ते मागे राहिले.

याच्या उलट बाबा आमटे यांचे उदाहरण पाहावे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले १९४९ मध्ये. मॅगसेसे पुरस्कार मिळाला १९८५ मध्ये आणि गांधी शांतता पुरस्कार १९९९ मध्ये. येथे संशयाला जागाच नव्हती; उजाड माळावर उभे राहिलेले गाव डोळ्यांसमोर होते. परंतु खरी निकड होती ती १९४९ मध्ये, जेव्हा त्या माळावर विंचूकाट्यांखेरीज काही नव्हते. त्या वेळी बाबांना सन्मानाची नव्हे, साह्याची गरज होती.

येथेच या प्रश्नाची गाठ सुटते असे वाटते. आपण साह्य आणि सन्मान यांची गल्लत करतो. होतकरू कार्याला हवे असते बळ: पैसा, माणसे, संरक्षण, आश्रय. पूर्ण झालेल्या कार्याला हवी असते नोंद, जेणेकरून पुढील पिढ्यांना तो मार्ग दिसावा. मॅगसेसे प्रतिष्ठानने या शतकाच्या आरंभी चाळीस वर्षांपर्यंतच्या कार्यकर्त्यांसाठी ‘उदयोन्मुख नेतृत्व’ असा निराळा विभाग सुरू केला तो हा भेद ओळखूनच. आशेला आशा म्हणून आणि सिद्धीला सिद्धी म्हणून गौरविले, की फसगत होत नाही. आशेला सिद्धीचा मुकुट घातला, की तो डोक्याला जड होतो.

तरीही शांततेच्या क्षेत्रात एक अडचण उरतेच. शोध एकदा लागला की तो लागलेला राहतो. शांतता मात्र रोज नव्याने राखावी लागते. म्यानमारच्या आँग सान सू ची यांना १९९१ मध्ये सन्मान मिळाला तो नजरकैदेतील धैर्यासाठी, आणि त्या धैर्याची किंमत त्यांनी खरोखरच मोजली होती. पुढे सत्तेजवळ आल्यावर, २०१७ मध्ये रोहिंग्यांवर अत्याचार झाले तेव्हा त्यांनी पत्करलेले मौन आणि २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात आपल्या देशाच्या लष्करावरील आरोपांविरुद्ध त्यांनी केलेला बचाव पाहून जग विषण्ण झाले. तेव्हा गतकार्याचा सन्मानही भविष्याची हमी देत नाही. म्हणून सन्मान व्यक्तीचा न मानता कृतीचा मानावा, हे उत्तम. १९९१ ची कृती खरी होती. २०१७ चे मौनही तितकेच खरे.

या विवेचनातून तीन कसोट्या हाती येतात. पहिली, ज्याला पुढे करावयाचे त्याने आपल्या वचनासाठी स्वतःचे काही पणाला लावले आहे काय? ओसिएट्स्की, टूटू आणि १९२२ ची बारडोली या कसोटीस उतरतात. नुकताच अधिकारावर आलेला सत्ताधीश उतरत नाही, कारण त्याने अजून काही गमावलेले नसते. दुसरी, त्या सन्मानाने दुर्बळाला बळ मिळणार आहे की बलवानाला केवळ शोभा? तिसरी, देणाऱ्याने त्या माणसाची मागील शिल्लक स्वतः तपासली आहे काय, जशी गांधीजींनी विनोबांची तपासली होती? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर यशाची वाट पाहू नये. पुरस्कार अवश्य करावा. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर थांबावे, आणि पारितोषिकाची वेळ येऊ द्यावी.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या अंकात हा विषय मांडण्याचे औचित्य सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. परप्रांतात मराठी ग्रंथालय काढणारे कोणीही चार कपाटे आणि एक वचन एवढ्याच भांडवलावर निघतात. त्या पहिल्या दिवशी जो वर्गणी भरतो, जो आपल्या घरचे ग्रंथ आणून देतो, तो अजून न झालेल्या कार्याच्या पाठीशी उभा राहतो. शंभर वर्षांनी समारंभ होतो तो परितोषाचा. त्या पहिल्या आश्रयदात्यांचे श्रेय मोठे, कारण त्यांनी विश्वास टाकला तेव्हा दाखविण्यासारखे काहीच नव्हते. आज आपल्यापुढे आहे ते पारितोषिक. पुढील शतकासाठी कोणाला पुढे करावयाचे, हा पुरस्काराचा भाग अजून व्हावयाचा आहे.